लेक, ओटी आणि देऊळ : कळमना परिसरातील नवरात्र-दर्शनाचा वाङ्मयीन अन्वय

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रातील देवीस्थानांचा विचार सुरू झाला की साडेतीन पीठांची यादी आधी पुढे येते. कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे. वणीची सप्तशृंगी हे अर्धे. या यादीला प्रादेशिक ऐक्याच्या भावनेचा आधार आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तीर्थयात्रा आणि प्रदेशकल्पना यांच्या संबंधाचा अभ्यास २००३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. स्थानांच्या अशा गणनेतून प्रदेशाची जाणीव कशी घडते, याचा विचार त्यात आला आहे.

नागपूरच्या पूर्वेकडील कळमन्यात राहणाऱ्या माणसाला ही यादी ठाऊक असते; परंतु त्याचे नवरात्र तिच्याप्रमाणे घडत नाही. साडेतीनपैकी त्यातल्या त्यात जवळचे स्थान माहूर, आणि तेही नांदेड जिल्ह्यात. नऊ दिवसांत त्याची पावले वळतात ती पारडी-पुनापूरच्या भवानीकडे, गणेशपेठेतील आग्याराम देवीकडे, कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेकडे. सवड आणि ऐपत असेल तर अमरावतीच्या अंबादेवी-एकवीरेकडे, माहूरच्या रेणुकेकडे किंवा आगगाडीने डोंगरगडच्या बमलेश्वरीकडे. या दर्शनामागे काही अर्थसूत्र आहे काय, आणि असल्यास ते मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला काय सांगते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, या परिसरातील नवरात्र-दर्शनात देवीचे प्रधान रूप लेकीचे आहे. विदर्भाशी निगडित असलेल्या कथाकाव्यांत आणि स्त्रीगीतांतही हेच रूप पुनःपुन्हा भेटते. देवीला माता म्हणून हाक मारली जाते. तिच्याशी प्रत्यक्ष वागणूक मात्र माहेरवाशिणीशी असावी तशी असते. हे नाते एकदा मान्य केले की त्यातून काही नैतिक प्रश्नही उद्भवतात. त्यांची दखल लेखाच्या उत्तरार्धात घेतली आहे.

२. कळमना : धान्य, माती आणि घट

कळमना हे नाव आज मुख्यतः दोन गोष्टींमुळे ओळखले जाते : नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण बाजार आवार आणि मुंबई–हावडा लोहमार्गावरील रेल्वे स्थानक. धान्य, मिरची, संत्री-मोसंबी यांची येथे मोठी उलाढाल होते. आश्विन लागला की सोयाबीनचे नवे पीक आवारात येऊ लागते. नवरात्राचा आणि या धान्याचा संबंध योगायोगाचा नाही. घटस्थापना हा विधी मुळात माती, पाणी आणि बीज यांचा आहे. पत्रावळीवर वावरातील माती पसरावी, तीत सात किंवा नऊ धान्ये पेरावी, मध्ये पाण्याने भरलेला घट ठेवावा, रोज एक माळ चढवावी आणि अखंड दिवा तेवत ठेवावा, एवढ्यात घरातील देवी सिद्ध होते. तिला मूर्तीची गरज लागत नाही. दसऱ्याला घट उठला की उगवलेले अंकुर देवाला वाहिले जातात, टोपीत किंवा वेणीत खोवले जातात.

घटाच्या या विधीत देवी बाहेरून आणलेली नसून पेरणीतून उगवलेली असते. लेकही घरात जन्मते, घरात वाढते आणि वाढ पूर्ण झाली की घराबाहेर जाते. नऊ दिवस जपलेल्या अंकुरांना दहाव्या दिवशी निरोप देताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मनाला जी हुरहूर लागते, तिचे मूळ या साम्यात शोधता येते.

पूर्व नागपुरात छत्तीसगढी भाषक श्रमिकांची जुनी वस्ती आहे. त्यांच्याकडे हाच विधी ‘जवारा’ या नावाने होतो. गव्हाचे अंकुर वाढविणे, ज्योत ठेवणे, देवीची ‘जस’ गीते म्हणणे आणि शेवटी जवारे डोक्यावर घेऊन मिरवीत विसर्जनास नेणे हे त्याचे ठळक भाग. मराठी घरातील घट आणि छत्तीसगढी घरातील जवारा हे एकाच गल्लीत शेजारी नांदतात. कोराडीच्या मंदिरात नवरात्रात भक्तांच्या नावाने अखंड ज्योती लावण्याची जी प्रथा मोठ्या प्रमाणावर दिसते, तिचे साम्य महाराष्ट्राच्या पश्चिम भागापेक्षा डोंगरगडच्या ज्योती-कलशांशी अधिक आहे. कळमन्यावरून जाणारा लोहमार्गच डोंगरगडला पोहोचतो आणि नवरात्रात तेथे गाड्यांना जादा थांबे दिले जातात. या प्रदेशाचे धार्मिक भूगोल-भान पुण्याकडे पाठ आणि छत्तीसगढकडे तोंड करूनही उभे राहू शकते, ही बाब मराठी लोकसंस्कृतीच्या सर्वसाधारण विवेचनात क्वचितच नोंदली जाते.

या परिसरातील सर्वांत जवळचे मोठे देवीस्थान म्हणजे पारडी-पुनापूरची भवानी. भंडारा मार्गावरील पारडी हे एके काळचे खेडे. आज ते शहरात मिसळले आहे. विदर्भातील खेड्याच्या वेशीवर ‘मातामाय’ असते, शेंदूर फासलेल्या दगडांची, बहुधा छपरावाचूनची. शहर वाढले की वेस पुसली जाते आणि वेशीवरची देवी वस्तीच्या मध्यावर येते. ‘भवानी’ हे नाव मात्र तुळजापूरच्या स्थानाची आठवण जागी करते. दूरच्या पीठाची देवी भक्तामागून त्याच्या गावी चालत आली आणि त्याने मागे वळून पाहिले तेथे ती थांबली, असा कथाबंध महाराष्ट्रातील अनेक देवीस्थानांविषयी सांगितला जातो. दूरच्या देवीला जवळ आणण्याची ओढ या कथाबंधाच्या मुळाशी आहे. लांब दिलेली लेक निदान सणाला तरी जवळ असावी, ही ओढही याच जातीची.

३. ओटी : विधीचे वाचन

नवरात्रात देवळाकडे निघालेल्या स्त्रीच्या हातातील ताटात काय असते, हे नीट पाहिले पाहिजे. तांदूळ किंवा गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, विड्याची पाने, हळदकुंकू. आणि ऐपतीप्रमाणे लुगडे. हे सामान पूजेच्या शास्त्रोक्त उपचारांच्या यादीपेक्षा वेगळे आहे. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य या षोडशोपचारांत पाहुण्या राजाचे स्वागत असते. ओटीत सासरी निघालेल्या लेकीची पाठवणी असते. हेच ताट गरोदर मुलीपुढे येते, बाळंतीण सासरी जाताना येते, दिवाळीला आलेली बहीण परतताना येते. ओटीतले काही दाणे मागे घरात ठेवण्याची रीत अनेक घरांत आढळते. लेक गेली तरी तिचे काहीतरी या घरात उरावे, हा त्याचा अर्थ.

देवीची ओटी भरताना हा कौटुंबिक विधी जसाच्या तसा देवळात नेला जातो. त्यामुळे देवळातील पुजारी मंत्रांनी ज्या देवीला विश्वाची जननी म्हणून संबोधतो, तिलाच ताट घेऊन आलेली स्त्री आपल्या हातांनी लेक ठरविते. एकाच गाभाऱ्यात दोन भाषा चालू असतात : एक शब्दांची, एक कृतीची. लोकदैवतांचा अभ्यास करताना स्तोत्रे आणि माहात्म्यग्रंथ यांच्यावरच विसंबून राहिल्यास दुसरी भाषा ऐकू येत नाही. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथाचे मोल येथेच आहे. मूर्ती, विधी, स्थाननाम आणि कथा यांना त्यांनी संहितांइतकेच पुराव्याचे स्थान दिले.

वैदर्भीय कुटुंबाला ही दुसरी भाषा नवरात्राच्या आधीच परिचित झालेली असते. भाद्रपदातील ज्येष्ठा गौरींना येथे ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. त्या तीन दिवसांसाठी येतात : पहिल्या दिवशी आगमन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. त्यांना माहेरवाशिणी म्हणण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. भाद्रपदात घरी येणारी महालक्ष्मी आणि आश्विनात जिच्या भेटीला जायचे ती कोराडीची महालक्ष्मी यांची नावे एक आहेत. एका महिन्यात ती घरी येते, दुसऱ्या महिन्यात घर तिच्याकडे जाते. या येण्याजाण्याने वैदर्भीय वर्षातील एक वर्तुळ पुरे होते.

४. कोराडीची स्थानकथा

नागपूरच्या उत्तरेस सुमारे पंधरा किलोमीटरवर, तलावाच्या काठी कोराडीचे मंदिर आहे. आधुनिक महाराष्ट्राला कोराडी हे नाव १९७० च्या दशकात सुरू झालेल्या औष्णिक विद्युत केंद्रामुळे कळले. परंतु भाविकांच्या स्मरणात गावाचे जुने नाव जाखापूर असे आहे. स्थानकथेनुसार जाखापूरच्या झोलन नावाच्या राजाला सात मुलगे होते, मुलगी नव्हती. मुलगी व्हावी म्हणून त्याने यज्ञ केला, तप केले, आणि प्रत्यक्ष जगदंबा कन्यारूपाने त्याच्याकडे आली. या मुलीने राजाला कठीण प्रसंगी न्यायाचा मार्ग दाखविला. शत्रूलाही न्याय मिळाला पाहिजे, हे तिने शिकविले. पुढे सूर्यास्ताच्या वेळी ती ज्या ठिकाणी थांबली ते हे स्थान.

या कथेतील तीन घटक विशेष लक्ष वेधून घेतात.

पहिला घटक नवसाचा. अपत्यप्राप्तीच्या भारतीय कथांत यज्ञ बहुधा पुत्रासाठी होतो. दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. येथे सात मुलगे असलेला राजा मुलीसाठी यज्ञ करतो. सात मुलांनीही घर अपुरे राहते, असे ही कथा गृहीत धरते.

दुसरा घटक भावांच्या नावांचा. जानोबा, नानोबा, बैरोबा, खैरोबा अशी ही नावे सांगितली जातात. ‘बा’ हा आदरार्थी अंत्यभाग खंडोबा, म्हसोबा, भैरोबा या ग्रामदैवतांच्या नावांतून परिचित आहे. म्हणजे भाऊ हे राजपुत्र असण्यापेक्षा आसपासच्या शिवारांचे रक्षक देव असावेत, असा तर्क करता येतो. महाराष्ट्रात अन्यत्र पाण्याकाठी साती आसरा असतात, आणि त्या सात बहिणींजवळ म्हसोबासारखा एक भाऊ असतो. कोराडीत ही रचना उलटली आहे : सात भाऊ आणि एक बहीण, आणि तीही तळ्याच्याच काठी. सात भावांची एकुलती बहीण ही मराठी स्त्रीगीतांतील लाडकी कल्पना. जात्यावरच्या ओव्यांतील नायिका स्वतःसाठी जे भाग्य मागते, ते या कथेने देवीला बहाल केले आहे.

तिसरा घटक रूपपालटाचा. ही देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सायंकाळी प्रौढा अशा तीन रूपांत दिसते, अशी श्रद्धा आहे. संध्यावंदनाच्या परंपरेतही प्रातःकाळची गायत्री बाला, मध्याह्नीची सावित्री युवती आणि सायंकाळची सरस्वती वृद्धा कल्पिली आहे. म्हणून या श्रद्धेला शास्त्रपरंपरेचा स्पर्श झालेला असणे शक्य आहे. तरीही दर्शनाला आलेल्या स्त्रीला तीत त्रिकालसंध्येपेक्षा स्वतःचे आयुष्य दिसते. पहाटे दिसणारी पोर, दुपारची संसारी बाई आणि दिवेलागणीची आजी या तिघी एकच आहेत, असे ही मूर्ती तिला सांगते. पहाटेच्या दर्शनासाठी नवरात्रात पायी निघणाऱ्यांना जे पहिले रूप भेटते, ते मुलीचे असते.

५. विदर्भकन्या आणि अंबिकेचे देऊळ

कोराडीच्या कथेतील हे कन्यारूप एकटे नाही. प्राचीन वाङ्मयात विदर्भाची ओळख फार मोठ्या प्रमाणावर त्याच्या मुलींमुळे झाली आहे. महाभारतातील लोपामुद्रा विदर्भराजाच्या घरी वाढली आणि अगस्त्याच्या आश्रमात गेली. नलोपाख्यानातील दमयंती विदर्भाच्या भीमराजाची कन्या. वनात पतीने टाकल्यावर हाल सोसून ती शेवटी माहेरीच परत येते आणि माहेरात राहूनच पतीच्या शोधाची सूत्रे हलविते. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात स्वयंवरमंडपात उतरणारी इंदुमती विदर्भराज भोजाची बहीण आहे. आणि या सर्वांत मराठी मनाला सर्वाधिक जवळची ती कुंडिनपूरची रुक्मिणी. या चौघी निरनिराळ्या ग्रंथांतल्या, परंतु विदर्भ हे चौघींचेही माहेर आहे. वाङ्मयाच्या नकाशावर विदर्भ हा प्रदेश लेक सासरी पाठविणारे घर म्हणून अवतरतो.

रुक्मिणीच्या कथेत देवीचे देऊळ मध्यवर्ती आहे. भागवताच्या दशम स्कंधानुसार विवाहापूर्वी वधूने नगराबाहेरील अंबिकेच्या दर्शनास जावे, असा कुलाचार होता. भाऊ रुक्मी याने तिचा विवाह शिशुपालाशी ठरविला होता. तिचे मन कृष्णावर होते. पहाऱ्यातील राजकन्येला घराबाहेर पडण्याची एकच मान्य वाट उरली होती, ती देवळाची. तिने अंबिकेला कृष्णच पती म्हणून मागितला आणि परतताना ती कृष्णाच्या रथावर चढली. देवदर्शन ही स्त्रीला मिळालेली बाहेर जाण्याची मुभा आहे आणि त्या मुभेतच तिच्या निवडीचे स्वातंत्र्य दडले आहे, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

मराठीत या कथेने दीर्घ परंपरा निर्माण केली. आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरविली जाणारी महदंबा हिचे ‘धवळे’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे याच विवाहकथेवर रचले गेले. महानुभाव पंथाला परमेश्वरावाचून इतर देवतांची भक्ती मान्य नाही. तरीही लग्नगीताच्या वळणाचे हे काव्य रचण्यासाठी त्या पंथातील स्त्रीने विदर्भाच्या लेकीची कथा निवडली. नंतर एकनाथांनी १५७१ साली काशी येथे ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. विवाह जुळावा म्हणून उपवर मुलींनी या ग्रंथाची पारायणे करण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली. भावाने ठरविलेला विवाह मोडून स्वतः निवड करणाऱ्या मुलीची कथा घरच्यांनी ठरवायच्या विवाहासाठी वाचली जाते, या विसंगतीकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे.

अमरावतीची अंबादेवी हीच रुक्मिणीची अंबिका, अशी स्थानिक श्रद्धा आहे. शेजारीच एकवीरेचे मंदिर आहे. नवरात्रात दोन्ही दर्शने जोडीने होतात. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुराहून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. ही पालखी म्हणजे विठ्ठलाच्या घरी नांदणाऱ्या लेकीकडे माहेरची माणसे जाणे होय. कळमन्याहून अमरावतीस जाणारा यात्रेकरू ही सारी काव्ये वाचून निघत नाही. त्याला देऊळ ‘रुक्मिणीचे’ म्हणून माहीत असते, आणि तेवढ्या एका शब्दात ही परंपरा त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते.

६. सासरचा आवाज

माहेराची कल्पना सासराशिवाय अपुरी आहे. एकनाथांच्या भारुडांत भवानीला रोडग्याचा नवस बोलणारी सून आहे. सासरची एकेक माणसे दूर कर, मला एकटीला राहू दे, असे मागणे ती देवीकडे मागते. भारुडाचा आध्यात्मिक अर्थ सर्वपरिचित आहे : विकारांच्या गोतावळ्यातून जीवाला एकांत हवा. परंतु रूपकाचा वाच्यार्थ लोकांना पटला नसता तर रूपक टिकले नसते. देवीपुढे सून मन मोकळे करते, कारण त्या घरात तिचे ऐकणारे दुसरे कोणी नसते. रोडगा हा विदर्भात आजही नवसाच्या जेवणाचा पदार्थ आहे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी यांची पंगत देवस्थानाच्या आवारात बसते. भारूड येथे पुस्तकातून बाहेर येऊन पानात वाढले जाते.

भुलाबाईची गाणी हा याच आवाजाचा दुसरा आविष्कार. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागिरीपर्यंत विदर्भातील मुली मातीच्या भुलोजी-भुलाबाईंपुढे फेर धरून गातात. शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. भुलाबाई ही पार्वती, परंतु गाण्यांचे विषय सासूची कुरकुर, माहेरी जाण्याची परवानगी आणि आणायला येणारा भाऊ हे आहेत. नवरात्राचे नऊ दिवस या महिन्याच्या पोटात येतात. त्यामुळे सकाळी देवळात जगदंबेची आरती ऐकणारी मुलगी संध्याकाळी अंगणात त्याच देवीला सासुरवाशीण म्हणून गाते. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा यांचे संकलन-विवेचन बरेच झाले आहे. त्या मानाने भुलाबाईच्या गाण्यांच्या स्थानिक पाठभेदांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले.

माहूर हे या दृष्टीने सासराचे टोक म्हणता येईल. जमदग्नीच्या आज्ञेने परशुरामाने मातेचा शिरच्छेद केला. पुढे माहूरच्या कथेत, मागे वळून पाहू नकोस असे बजावले असतानाही पुत्राने वळून पाहिले आणि भूमीतून प्रकटणारी रेणुका मुखापर्यंतच वर आली. तेथे पूजा होते ती केवळ मुखाची. कोराडीची लेक दिवसाच्या तीन प्रहरांत पूर्ण आयुष्य जगते. माहूरची पत्नी अर्धीच प्रकट होते. एकाच कुटुंबाच्या नवरात्रात ही दोन्ही दर्शने येतात. त्यांचा एकत्र विचार केला असता स्त्रीजीवनाविषयीचे लोकमानस किती स्पष्ट बोलते, हे ध्यानात येते.

७. दाईंहाट, १७४२

शारदीय देवी म्हणजे माहेरी आलेली लेक, हे बंगालने उघडपणे म्हटले आहे. उमा कैलासावरून काही दिवसांसाठी आईवडिलांकडे येते आणि दशमीला परत जाते, या भावनेवर तेथे आगमनी व विजया गीतांची परंपरा उभी राहिली. अठराव्या शतकातील रामप्रसाद सेन हे तिच्यातील ठळक नाव. बंगालच्या या उत्सवाशी नागपूरचा पहिला मोठा संबंध मात्र भक्तीचा नव्हता.

रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालच्या स्वारीवर होते. काटव्याजवळ दाईंहाट येथे त्यांनी दुर्गापूजा मांडली, आणि पूजा चालू असतानाच सप्टेंबरअखेरीस नबाब अलिवर्दीखानाच्या सैन्याने अचानक हल्ला केला. मराठ्यांना पूजा टाकून माघार घ्यावी लागली. या काळावर गंगाराम नावाच्या कवीने १७५१ च्या सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य लिहिले. त्यातील विचारसरणी मराठी वाचकाने समजून घेण्यासारखी आहे. आरंभी मराठ्यांची स्वारी ही पापाने माखलेल्या भूमीला शासन करण्यासाठी दैवी प्रेरणेने घडलेली दाखविली आहे. पुढे या सैन्याने गावे लुटली, ब्राह्मणांना मारले, स्त्रियांवर अत्याचार केले. तेव्हा देवीची कृपा भास्कररामावरून उठते आणि नबाबाच्या बाजूला जाते.

गंगारामाच्या दृष्टीने हा इतिहासाचा अर्थ होता. मूर्ती घडविली, नैवेद्य दाखविला, बळी दिले, तरी ज्यांनी दुसऱ्यांच्या लेकीबाळींचा छळ केला त्यांच्या मांडवात देवी थांबली नाही. नागपूरच्या सैन्याविषयी परभाषेत लिहिलेला हा अभिप्राय नागपूरच्या नवरात्राच्या विवेचनात वगळता येत नाही. देवीला लेक मानणे ही केवळ हळवी कल्पना नसून तीत एक कसोटी आहे, हे या काव्याने अडीच शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे.

८. माहेराचे दार

हीच कसोटी देवळाच्या दारालाही लावावी लागते. माहेर सर्वांचे असते काय? ज्या अंबादेवीने रुक्मिणीला वाट दिली, त्याच देवीचे दार अस्पृश्य मानलेल्या जातींना बंद होते. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ उभी राहिली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. अमरावतीचा प्रश्न त्याआधीचा. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपुरातच आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून या शहरात आश्विन शुद्ध दशमीला दोन अर्थ आहेत. घट उठविण्याचा दिवस हाच दीक्षाभूमीवर लाखो माणसे एकत्र येण्याचा दिवस असतो. ज्यांना दार उघडले गेले नाही त्यांनी वेगळे घर उभारले, हे नवरात्राच्या कोणत्याही प्रामाणिक वर्णनात नोंदलेच पाहिजे.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) हे आत्मकथन याच प्रश्नाची आतली बाजू दाखविते. त्यात आषाढातील देवीची जत्रा, अंगात येणे आणि कोवळ्या सुनांचा छळ यांची वर्णने एकाच वस्तीतली आहेत. अंगात आलेल्या बाईपुढे सारे नमतात आणि घरातील सुनेला मात्र उपाशी ठेवले जाते, ही विसंगती लेखिकेने कोणताही आडपडदा न ठेवता मांडली आहे. देवीविषयक लोकसाहित्य शिकविताना हे आत्मकथन शेजारी ठेवले नाही, तर शिकविणे एकांगी होते.

विधवेचा प्रश्न असाच. ओटी भरण्याचा मान सुवासिनीचा. लेक विधवा झाली म्हणून आईच्या लेखी ती लेक राहत नाही असे नाही. पण ओटीच्या रिवाजात तिला हात मागे घ्यावा लागतो. म्हणजे ज्या विधीने देवीला लेक केले, त्याच विधीने काही लेकींना परके केले. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने वैधव्याशी जोडलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच वर्षी इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठरावाने रिवाज एका दिवसात पालटत नाही. तथापि कोराडीच्या श्रद्धेतच त्याचे उत्तर आहे, असे म्हणता येईल : सायंकाळच्या प्रौढ रूपालाही सकाळच्या बालरूपाइतकाच नमस्कार घडतो.

९. समारोप

वरील विवेचनातून कळमना परिसरातील नवरात्र-दर्शनाचा एक क्रम सुचविता येतो. आरंभ घरातील घटापासून आणि वेशीवरच्या मातामायपासून. तेथून पारडीची भवानी, नगरातील आग्याराम देवी, तळ्याकाठची कोराडी. आणि नंतर अमरावती, माहूर, डोंगरगड. चंद्रपूरची महाकाली या क्रमात सहज बसते. गोंड राणी हिराईने बांधविलेल्या त्या मंदिराची मोठी यात्रा मात्र चैत्रात भरते. देवीचे वर्ष एका आश्विनापुरते नाही, याची ती खूण आहे. या क्रमाने गेल्यास प्रत्येक स्थानी एकेक वाङ्मयीन संहिता भेटते : घटाजवळ जस गीते आणि भुलाबाईची गाणी, पारडीला रोडग्याचे भारूड, कोराडीला सात भावांची कथा, अमरावतीला धवळे आणि रुक्मिणीस्वयंवर, माहूरला रेणुकेची कथा.

पदव्युत्तर वर्गांना येथे प्रत्यक्ष काम आहे. कोराडीच्या स्थानकथेचे मौखिक पाठ, पूर्व नागपुरातील मराठी व छत्तीसगढी देवीगीतांची देवाणघेवाण, भुलाबाईच्या गाण्यांचे मोहल्ल्यागणिक बदलणारे शब्द आणि ओटीच्या वेळी स्त्रिया देवीशी जे हलक्या आवाजात बोलतात ते सारे नोंदवावयाचे आहे. मंदिरे मोठी होत आहेत, रांगा लांबत आहेत, ध्वनिक्षेपकाचा आवाज गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो आहे. देवीपुढे ताट धरून उभ्या असलेल्या स्त्रीला बोलायला मिळणारे क्षण त्यामुळे कमी होत चालले आहेत. त्या थोड्या क्षणांत ती देवीला सांगते ते बहुधा आपल्या लेकीविषयीच असते. मराठी स्त्रीगीतांचा पुढचा अभ्यास त्या रांगेत उभे राहून, कान देऊन करावा लागेल.